एमडीआर टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यात? पहिल्या दिवसापासून काय काय सांभाळायचं

रिपोर्टमध्ये "रिफॅम्पिसिन रेझिस्टंट" आलं, म्हणजे रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी, ज्याला सगळे एमडीआर म्हणतात, की घरातल्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी राहतात, हा साधा टीबी नाही आणि याची औषधं फार कडक असतात. दोन्ही खरं आहे. पण त्याच्या पुढचं नीट बसून सांगायला कुणाला वेळ नसतो, ओपीडीत रांग लागलेली असते, डॉक्टर भराभर सांगतात, सिस्टर औषधांचा बॉक्स हातात देतात आणि आपण घरी येऊन तो बॉक्स टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसतो. माझ्या धाकट्या दिराची ट्रीटमेंट मी सांभाळली, उपचाराच्या कार्डावर ट्रीटमेंट सपोर्टर (रोज समोर बसून गोळी देणारं माणूस) म्हणून नाव माझंच होतं, आणि तेव्हापासून आमच्या भागात कुणाकडे असा पेशंट निघाला की आशाताई त्यांना माझ्याकडे पाठवतात. जे तोंडी सांगते तेच इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या कार्डावर काही वेगळं लिहिलं असेल तर कार्डावरचंच खरं धरा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. त्रास झाला म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, आणि गोळी बंद करतील या भीतीने त्रास लपवायचा पण नाही. लोक यातलं एक पाळतात आणि दुसरं सोडतात. काही जण उलट्या झाल्या की तिसऱ्या दिवशी बॉक्स कपाटात टाकतात, आणि काही जण इतके चिवट असतात की पायाला मुंग्या येतायत, डोळ्याला अंधुक दिसतंय तरी "कोर्स पूर्ण करायचाय" म्हणून महिनाभर बोलत नाहीत. दोघांचंही नुकसान होतं.

पहिली गोळी घ्यायच्या आधी

सुरुवातीला बऱ्याच तपासण्या करतात आणि पेशंट वैतागतो, आधीच अंगात ताप, खोकला, त्यात इकडे रक्त द्या तिकडे ईसीजी काढा. पण यातली एकही चुकवू नका. ईसीजी, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), लिव्हर आणि किडनीचं रक्त, शुगर, पोटॅशियमसारखे क्षार, एचआयव्ही, वजन, डोळ्यांची तपासणी, बाईमाणूस असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट, आणि इथिओनामाइड हे औषध देणार असतील तर थायरॉइड. ही सगळी "आधीची" मापं आहेत. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८ आलं तर ते आधीपासून ८ होतं की ११ वरून खाली आलं, हे डॉक्टरांना याच कागदावरून कळणार. म्हणून एक फाइल करा, प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ईसीजीच्या कागदाचा फोटो तर नक्कीच काढा, त्या कागदावरचं छापलेलं काही महिन्यांनी पुसट होत जातं.

त्याच वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी स्वतःहून सांगायच्या, विचारलं नाही तरी. आधी कधी टीबीचं औषध घेतलं होतं का, किती महिने, मध्येच सोडलं होतं का. यात लाजायचं काही कारण नाही, कोणतं औषध आता चालेल ते ठरवायला ही माहिती लागते. दुसरं, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, बीपी, शुगर, फिट्स, थायरॉइड, झोपेची किंवा डिप्रेशनची गोळी, आयुर्वेदिक काढा, जिमची पावडर, सगळं. पिशवीत भरून रिकाम्या स्ट्रिप्सच घेऊन जा, नावं पाठ करायची गरज नाही. तिसरं, घरात कुणी तरुणपणी अचानक हार्टने गेलंय का, पेशंटला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपलीये का, मनाचा काही आजार झालाय का. आणि बाळंतपण जवळ असेल, दूध पाजत असाल किंवा मूल हवंय असा विचार चालू असेल तर तेही आधीच बोला, काही औषधं अशा वेळी देत नाहीत.

अजून एक गोष्ट, यावरून लोक उगाच घाबरतात. पहिल्यांदा जी टेस्ट होते, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, ती काही तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन चालतं का एवढं सांगते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं मशीन आहे. पण बाकी कोणकोणती औषधं चालतात हे एलपीए (जंतूच्या जनुकांची टेस्ट) आणि कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) यांवरून कळतं, आणि लिक्विड कल्चरला सहा आठवडेही लागू शकतात. त्यामुळे सुरू केलेला कोर्स महिना-दीड महिन्याने बदलला तर "डॉक्टरांनाच काही कळत नाहीये" असं समजू नका. नवीन रिपोर्ट आला म्हणून बदललंय. बदलला की जुन्या बॉक्समधल्या गोळ्या लगेच परत द्या, दोन बॉक्स एका घरात नकोत.

तुमचा कोर्स नक्की कोणता, हे नाव विचारून घ्या

सगळ्या एमडीआरवाल्यांना एकच औषध नसतं. शेजारच्याला सहा महिने आणि मला दीड वर्ष का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. आत्ता आपल्याकडे ढोबळ मानाने तीन प्रकार दिसतात. बीपीएएलएम म्हणून एक कोर्स आहे, त्यात बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अशी चार औषधं, आणि तो २६ आठवड्यांचा म्हणजे सहा महिन्यांचा. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये तो मंजूर केला. गरज वाटली तर डॉक्टर तो वाढवतात. दुसरा ९ ते ११ महिन्यांचा, त्यात औषधं जास्त. तिसरा १८ ते २० महिन्यांचा, ज्यांना बाकीचे चालत नाहीत त्यांच्यासाठी, त्यात क्लोफाझिमीन, सायक्लोसेरीन वगैरे येतात. १४ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना बीपीएएलएम देत नाहीत, त्यांचं वेगळं ठरतं. आणि फक्त आयसोनियाझिड चालत नाही पण रिफॅम्पिसिन चालतं असं असेल तर त्याचा सहा महिन्यांचा अजून वेगळा कोर्स असतो, तो एमडीआर नव्हेच.

ही सगळी तोंडाने घ्यायची औषधं आहेत हे लक्षात घ्या. पूर्वी याच आजाराला दोन-दोन वर्षं गोळ्या आणि त्यात कितीतरी महिने रोज इंजेक्शन असायचं, आणि त्या इंजेक्शनने कान जायचे. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती अशीच गेली. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी मिळून बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवायला विरोध केला, तिसिले यांचेही कान याच उपचारात गेले होते, आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट ऑफिसने औषध बनवणाऱ्या कंपनीची मागणी फेटाळली. आज बेडाक्विलिन सरकारी कार्यक्रमातून आपल्याला फुकट मिळतं त्याच्या मागे अशी माणसं आहेत. प्रायव्हेट डॉक्टरकडे दाखवत असाल तरी ही औषधं सरकारी कार्यक्रमातून मिळवता येतात, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा, हजारो रुपये घालवायच्या आधी.

रोजच्या गोळ्या: वेळ, जेवण, मोजणी

एक ठरावीक वेळ पकडा. आमच्याकडे सकाळी नाश्ता झाला की लगेच, कारण संध्याकाळी कामावरून यायची वेळ कुणाचीच पक्की नसते. बेडाक्विलिन आणि प्रीटोमॅनिड पोटात अन्न असतानाच घ्यायच्या. हे "पोटाला त्रास होऊ नये म्हणून" एवढंच नाहीये, बेडाक्विलिन जेवणासोबत घेतली तर रिकाम्या पोटी घेतल्यापेक्षा साधारण दुप्पट अंगात उतरते. म्हणजे चहा-बिस्किटावर घेतलीत तर गोळी घेऊनही औषध अर्धंच पोचलं. पोळीभाजी, पोहे, उपमा, अंडं, भाकरी, काहीही चालेल, पण नीट खाल्लेलं हवं. साधी टीबीची जुनी औषधं उपाशीपोटी घ्यायला सांगायचे ते घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, तर त्यांना आधीच समजावून सांगा की हे वेगळं आहे.

उपवासाचं सगळ्या बायका विचारतात. निर्जळी नको, बास. चतुर्थी, नवरात्र करायचंच असेल तर साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी पोटभर खाऊन वेळेवर गोळी घ्या. शुगर असेल तर मात्र उपवास नकोच, कारण मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिनने शुगर वर-खाली होऊ शकते आणि लिनेझोलिडवर असताना शुगरचं औषध चालू असेल तर एकदम खालीही जाऊ शकते. रोजे असतील तर डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवा, गोळी सोडून नाही.

बेडाक्विलिनचं वेळापत्रक नवीन माणसाला गोंधळात टाकतं. नेहमीची पद्धत अशी की पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या चार गोळ्या एकदम, आणि तिसऱ्या आठवड्यापासून २०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन गोळ्या, आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक-एक दिवस सोडून. बाकीची औषधं मात्र रोज. इथे दोन प्रकारच्या चुका होतात, कुणी पंधरा दिवसांनंतरही रोज चार घेत राहतं, आणि कुणी सोम-बुध-शुक्र ऐकून सगळ्याच गोळ्या तीन दिवस घेतं. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, बेडाक्विलिनच्या दिवसांना लाल गोल करून ठेवा आणि घेतली की त्यावर टिक मारा. ज्यांना वेगळ्या पद्धतीने दिलंय त्यांनी आपल्या कार्डाप्रमाणे गोल करायचे.

गोळ्या मूळ बाटलीत, मूळ पाकिटातच ठेवा, स्वयंपाकघरात गॅसजवळ नको, बाथरूममध्ये नको, खिडकीत उन्हात नको. बेडाक्विलिनला उजेड चालत नाही. बाटलीतली ती छोटी पुडी फेकू नका, ओल धरू नये म्हणून असते ती. आणि मुलांचा हात पोचणार नाही असं उंच ठेवा. आठवड्याच्या खणांचा डबा भरायचा असेल तर आधी टीबीच्या स्टाफला विचारा कोणती बाहेर काढलेली चालेल.

बघून गोळी देणारा माणूस ठरवा. पेशंटवर विश्वास नाही म्हणून नाही. एवढ्या लांबच्या कोर्समध्ये एखाद्या सकाळी माणूस खचतोच, तेव्हा समोर कुणी पाण्याचा ग्लास घेऊन बसलेलं लागतं. जवळची बायको किंवा आईच हवी असंही नाही, आमच्या इथे एका मुलाला त्याच्या दुकानाचे मालकच रोज समोर बसवून देतात.

गोळीसोबत काय घ्यायचं नाही

हा भाग दोनदा वाचा कारण इथे घरातले चांगल्या भावनेनेच गडबड करतात.

लोह, कॅल्शियम, झिंक, मल्टिव्हिटॅमिन आणि ॲसिडिटीचं पातळ औषध, हे मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा लेव्होफ्लॉक्सॅसिनला पोटातच धरून ठेवतं, अंगात जाऊच देत नाही. पेशंटला ताकद यावी म्हणून आई गोळ्यांबरोबर दुधाचा मोठा ग्लास देते आणि वर कॅल्शियमची गोळी, तर हे बंद. सकाळी टीबीच्या गोळ्या, आणि लोह-कॅल्शियम कमीत कमी चार तास सोडून, त्यापेक्षा सोपं म्हणजे रात्री. दूध प्यायचं, जरूर प्यायचं, पण नंतर.

आता उलटीची गोष्ट. मळमळतंय म्हणून माणूस कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जातो आणि तो ऑन्डॅनसेट्रॉन नाहीतर डॉम्पेरिडोनची गोळी देतो, घसा दुखतोय म्हटलं की ॲझिथ्रोमायसिन देतो. एरवी यात कुणाला काही वाटत नाही. पण बेडाक्विलिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, क्लोफाझिमीन, डेलामॅनिड ही सगळी हृदयाच्या ठोक्यानंतर पुन्हा तयार व्हायचा वेळ लांबवतात, ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात, आणि वर सांगितलेल्या गोळ्याही तेच करतात. एकावर एक चढलं की ठोका बिघडू शकतो, जीवावर बेततं. म्हणून केमिस्ट असो, दाताचा डॉक्टर असो की गावचा डॉक्टर, कुणाकडेही गेलात तरी पहिलं वाक्य हेच की "मला एमडीआरच्या गोळ्या चालू आहेत, ही यादी." यादी पाकिटात ठेवा.

लिनेझोलिड असेल तर सर्दी-खोकल्याच्या सिरप आणि गोळ्या, वेदनेची ट्रामाडॉल, डिप्रेशनची एसिटालोप्राम-सर्ट्रालिनसारखी औषधं न विचारता घ्यायची नाहीत. पण ती आधीपासून चालू असतील तर अचानक बंदही करू नका, डॉक्टरांना सांगून ठरवा. घरात कुणाच्या आधीच्या साध्या टीबीच्या लाल गोळ्या उरल्या असतील तर त्या "जास्तीच्या" म्हणून देऊ नका, त्यातलं रिफॅम्पिसिन बेडाक्विलिनचं अंगातलं प्रमाण खूप कमी करतं. आणि दारू पूर्ण बंद. लिव्हरवर तर आहेच, सायक्लोसेरीनवर असताना दारूने फिट येऊ शकते, लिनेझोलिडसोबत बिअरसारख्या दारूने बीपी चढू शकतं. तंबाखू, मिश्री, विडी सोडता आली तर फारच उत्तम, पण गोळी आणि विडी यातलं आधी काय तर गोळी.

गोळी राहिली, उलटी झाली, बॉक्स संपला

राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घ्यायची नाही. कधीच नाही. त्याच दिवशी आठवलं तर खाऊन घ्या. दिवस उलटून गेला असेल तर फोन करा, कारण बेडाक्विलिनची पहिल्या दोन आठवड्यांतली चुकलेली आणि नंतरची चुकलेली यांचा हिशोब वेगळा असतो. उलटी झाली तर गोळी घेतल्याची आणि उलटीची वेळ लिहा, उलटीत गोळी दिसली का बघा, घाण वाटतं पण बघा, आणि पुन्हा द्यायची का ते विचारूनच द्या. उलट्या-जुलाब चालूच राहिले तर त्याच दिवशी दाखवायला जा, अंगातलं पोटॅशियम कमी झालं की वर सांगितलेला ठोक्याचा धोका वाढतो.

बॉक्स संपायच्या आठवडाभर आधी आठवण करा. औषधांचा तुटवडा असतो कधी कधी, हे नाकारून चालत नाही, तेव्हा चार दिवस आधी बोललं असेल तर दुसरीकडून मागवता येतं, संपल्यावर बोललात तर खंड पडतोच. गणपतीला कोकणात जायचंय, ऊसतोडीला जायचंय, लग्न आहे, हे सुद्धा आधी सांगा. तुमचा निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर) असतो, त्यावर नोंद बदलून दुसऱ्या ठिकाणी औषध आणि तपासणी चालू ठेवता येते. टीबी सेंटरमधल्या एसटीएस (ट्रीटमेंट सुपरवायझर) किंवा टीबी एचव्ही (हेल्थ व्हिजिटर) यांचा नंबर पेशंटच्या आणि सपोर्टरच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये हवा. कुणीच फोन उचलत नसेल तर निक्षय संपर्कची टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६.

खंड पडू द्यायचा नाही याचं कारण बऱ्याच जणांना नीट कुणी सांगितलेलं नसतं. फुप्फुसात पोकळी पडलेली असेल तर तिथे कोट्यवधी जंतू असतात, आणि त्यात एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू आपोआपच असतात, औषध न घेताही. म्हणून तीन-चार औषधं एकदम द्यावी लागतात, एकाला न ऐकणारा जंतू दुसऱ्याने मरतो. आता तुम्ही त्यातली एक गोळी, समजा पायाला मुंग्या येतात म्हणून लिनेझोलिड, गुपचूप बाजूला काढलीत, की बाकीच्या गोळ्या एकट्या पडल्या. आणि सगळंच बंद केलंत तरी फसवणूक आहे, कारण बाकीची बहुतेक औषधं काही दिवसांत अंगातून जातात पण बेडाक्विलिन महिनोन्‌महिने राहते, तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण साडेपाच महिने लागतात. म्हणजे तेवढे महिने जंतूंसमोर एकटी बेडाक्विलिन, तीही थोडी-थोडी. जंतूला तिची सवय व्हायला यापेक्षा चांगली संधी नाही, आणि बेडाक्विलिन चालेनाशी झाली की पुढचा कोर्स लांब आणि अवघड.

त्रास: कोणता कधी सांगायचा

लगेच, म्हणजे रात्र असली तरी हॉस्पिटलला: चक्कर येऊन पडणं, छातीत खूप धडधड, दम लागणं, थुंकीतून बरंच रक्त, डोळे पिवळे आणि लघवी गडद, अंगावर चट्टे उठून तोंड सुजणं, आणि मनात स्वतःला संपवायचे विचार किंवा कुणी बोलतंय असे भास. शेवटचं सायक्लोसेरीनवर असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी फार जपायचं. माणूस गप्प गप्प झाला, झोप उडाली, उगाच संशय घ्यायला लागला तर "आजाराने चिडचिडा झालाय" म्हणून सोडू नका, ते औषधामुळे असू शकतं आणि औषध बदलल्यावर निवळतं. पेशंटला दोष देऊ नका, देवाधर्माचं करत बसू नका.

त्याच दिवशी फोन करायचे त्रास म्हणजे मुख्यतः लिनेझोलिडचे. हे औषध फार कामाचं आहे आणि सगळ्यात जास्त लक्ष यावरच ठेवावं लागतं. तळपायाला मुंग्या, जळजळ, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, हे नसांचं. लवकर सांगितलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थोडे दिवस थांबवतात, उशीर केला तर बधिरपणा कोर्स संपल्यावरही राहू शकतो. डोळ्याचं घरीच बघा: दर आठवड्याला एका ठरावीक जागी उभं राहून एक डोळा हाताने झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचा, मग दुसरा. दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर एका डोळ्याचं कमी झालेलं कळतच नाही. लाल रंग एका डोळ्याने फिका दिसतोय का तेही बघा. अंधुक वाटलं तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, टीबीच्या डॉक्टरांना सांगा. तिसरं रक्त. चेहरा पांढरा पडणं, जिना चढताना धाप, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग. म्हणून सुरुवातीला सीबीसी लवकर-लवकर करतात, तारीख चुकवायची नाही.

ईसीजीही ठरलेल्या तारखेला. कागदावर क्यूटीसी म्हणून आकडा असतो, तो दर वेळी वहीत लिहा. ५०० च्या वर गेला तर डॉक्टर औषध थांबवून पुन्हा तपासतात, तुम्ही घरी त्याचा अर्थ लावत बसू नका, पण आकडा वाढत चाललाय हे तुमच्या लक्षात आलं तर विचारायला काय हरकत आहे. विचारायचंच.

जे त्रास सहन होण्यासारखे असतात त्यांचंही सांगा, पुढच्या भेटीत. इथिओनामाइडने मळमळ फार होते, प्रीटोमॅनिडनेही पोट बिघडतं. सांधे दुखणं पायराझिनामाइडने. टाचेच्या मागची शीर दुखली तर मात्र वाट बघू नका, मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचं असू शकतं, चालणं-धावणं कमी करून लगेच फोन. आणि क्लोफाझिमीनने कातडी काळवंडते, तपकिरी होते. तरुण मुलींना याचं किती वाईट वाटतं ते मी बघितलंय, लोक तोंडावर विचारतात, लग्न ठरायचं असतं, आणि त्या त्यासाठी गोळी बंद करायला निघतात. कोर्स संपल्यावर रंग हळूहळू मूळपदावर येतो, काही महिने, कधी त्याहून जास्त लागतात पण येतो. उन्हात जाताना ओढणी, छत्री वापरा, आणि घरच्यांनी तिच्यासमोर त्यावर एक शब्द बोलू नये, एवढं मी हात जोडून सांगते.

खाणं, पैसे, घर

निक्षय पोषण योजनेत ट्रीटमेंट चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये थेट खात्यात येतात, २०१८ ला योजना सुरू झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. खात्याची माहिती चुकली की पैसे अडकतात, पहिल्याच आठवड्यात पासबुक घेऊन जा. डाळ, अंडी, शेंगदाणे, मटकी, मासे, जे परवडेल ते प्रोटीनचं. महिन्याला वजन लिहा, वजन वाढलं तर डोस बदलू शकतो.

भांडी वेगळी करायची गरज नाही, टीबी हवेतून पसरतो ताटातून नाही. खिडक्या उघड्या, पेशंटच्या तोंडाला मास्क, आणि पेशंट वेगळ्या खोलीत झोपू शकला तर उत्तम. चाळीत एकच खोली असेल तर निदान खिडकीकडे पेशंट आणि लहान मुलं लांब. किती दिवस हे डॉक्टर कल्चर बघून सांगतात. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, मुलांची आधी. बचावाच्या गोळ्या द्यायच्या का आणि कोणत्या हेही विचारा, साध्या टीबीच्या पेशंटच्या घरात देतात त्याच इथे उपयोगाच्या असतील असं नाही.

बरं वाटायला लागल्यावर

महिना-दोन महिन्यांत खोकला जातो, भूक लागते, माणूस कामावर जायचं म्हणतो. गोळी सुटायची हीच वेळ. बरं वाटणं आणि जंतू जाणं यात अंतर आहे, म्हणून थुंकी दर महिन्याला सांगितलेल्या तारखेला द्यायची. खोकला नसताना बेडका येत नाही अशी तक्रार असते, तर सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, खोल श्वास घेऊन दोन-तीनदा जोरात खोकून छातीतून काढायचा, तोंडातली लाळ देऊ नका, आणि हे उघड्या हवेत, घरात नाही.

शेवटचा डोस झाला की कार्डावर रिझल्ट लिहून घ्या आणि सही-शिक्क्याचा कागद मागून घ्या. उरलेल्या गोळ्या सेंटरला परत द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका, सारखंच नाव असलं तरी. नंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावतात, तिथे जायचं, आणि पायाच्या मुंग्या किंवा डोळ्याचं काही शिल्लक असेल तर त्या भेटीत पुन्हा दाखवायचं. फाइल टाकू नका. पुढे कधीही खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला, ताप आला, वजन उतरलं, तर नवीन डॉक्टरसमोर पहिल्यांदा तीच फाइल ठेवायची.